कळसूबाईची अट

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. काळ्या मातीत धान्य पेरले जाते, देवघरात अखंड दीप तेवू लागतो, आणि नऊ दिवस अवघा महाराष्ट्र जगदंबेच्या उदोकाराने दुमदुमून जातो. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर आणि सप्तशृंग या पीठांकडे भाविकांची रीघ लागते. याच दिवसांत अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या सीमेवरील एका उत्तुंग शिखराकडेही गावोगावची माणसे खण-नारळ घेऊन निघतात. त्या शिखराची उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच स्थान नाही. शिखराचे नाव कळसूबाई, आणि त्यावर वास करणाऱ्या देवीचे नावही कळसूबाईच. डोंगर आणि देवता यांना येथे निरनिराळी नावे नाहीत, हे पुढील विवेचनात वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे.

या देवीला भव्य मंडप नाही, सुवर्णाचा कळस नाही. माथ्यावरील मंदिर इतके लहान की एका वेळी तीन-चार माणसे आत उभी राहिली की गाभारा भरून जातो. परंतु परिसरातील महादेव कोळी व अन्य डोंगरवासी बांधवांची तिच्यावरील श्रद्धा शिखराइतकीच उंच आहे. अलीकडे मुंबई, पुणे, नाशिक येथूनही असंख्य कुटुंबे तिच्या दर्शनास येऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट खरी. पण देवीच्या दारी जाण्यापूर्वी देवीची कथा जाणून घ्यावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. ती कथा लहान आहे, आणि तिच्यात एक अट आहे.

कथा कळसूची

कळसू ही एक कोळ्याची पोर. रानावनात हिंडण्याची तिला विलक्षण ओढ. हिंडता हिंडता एके दिवशी ती डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या इंदोरे गावी आली आणि एका कोळी कुटुंबात कामास राहिली. राहताना तिने घरच्यांना एकच अट घातली : मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, बाकी सांगाल ते काम करीन. घरच्यांनी ती मान्य केली. काही काळ सुखाने गेला. पुढे एके दिवशी घरातील कोणीतरी अट विसरले आणि तिला भांडी घासून केर काढण्यास फर्मावले.

कळसूने वाद घातला नाही, शाप दिला नाही. सांगितलेले काम तिने निमूटपणे पुरे केले, आणि मग ती डोंगर चढून गेली ती पुन्हा कधी खाली उतरली नाही. आयुष्याच्या अखेरपर्यंत ती माथ्यावरच राहिली. जेथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून ओळखली जाते, आणि जेथे ती राहिली ते शिखर कळसूबाई झाले. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, गॅझेटियरमध्येही ही लोककथा नोंदलेली आहे.

पुराणांतील देवींनी महिषासुराचा वध केला, शुंभ-निशुंभांचा संहार केला. कळसूच्या कथेत असुर नाही, शस्त्र नाही. दिलेला शब्द मोडला गेला आणि ती निघून गेली, एवढेच. पण ज्या घरातून अशी लेक निघून जाते, त्या घराचे काय उरते, हा प्रश्न कथा न विचारताच आपल्या मनात ठेवून जाते.

आता आजचे चित्र पाहावे. गर्दीचे दिवस उलटल्यावर या वाटेच्या कडेला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, खाऊची वेष्टने, फाटक्या पिशव्या पडलेल्या दिसतात. माथ्यावर नारळाच्या शेंड्या, करवंट्या, अगरबत्तीचे पुडे आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या ओट्या वाऱ्यावर लोळतात. ज्या मुलीने केर काढणार नाही म्हणून सांगितले होते, तिच्याच अंगणात आपण केर टाकून येतो. अट तेव्हा एका कुटुंबाने मोडली होती. आज ती आपण सारे मिळून मोडीत आहोत. म्हणून यंदा ज्यांना या गिरियात्रेस जावयाचे आहे, त्यांनी संकल्पाबरोबर नियोजनही करावे. डोंगरावर नियोजन हा भक्तीचाच भाग असतो.

यात्रेचा दिवस

चढाईची रूढ वाट बारी या गावातून आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरील घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटर गेले की बारी लागते. पुण्याकडून येणाऱ्यांना संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने यावे लागते. बारीपासून माथ्यापर्यंत आठशे मीटरांहून अधिक उभा चढ आहे. सराव नसलेल्या माणसास चढण्यास तीन ते चार तास आणि उतरण्यास दोन ते तीन तास लागतात, असे धरून चालावे.

नवरात्रात सूर्य सायंकाळी सहा-साडेसहाच्या दरम्यान मावळतो. यावरून हिशेब उलटा मांडावा. उजेड असता पायथा गाठावयाचा, तर दुपारी दोनच्या आत माथा सोडला पाहिजे. आणि दर्शन निवांत व्हावयाचे, तर सकाळी सहा-सातच्या सुमारास बारीतून पहिले पाऊल उचलले पाहिजे. आपले वाडवडील यात्रेस ब्राह्ममुहूर्तावर उठून निघत, त्यात पुण्याइतकेच व्यवहारज्ञानही होते. परतीची वेळ घरातूनच ठरवून निघावे, आणि ती वेळ झाली की माथा चार पावलांवर असला तरी मागे फिरण्याची तयारी ठेवावी. देवी वर आहे तशी वाटेवरही आहे.

पाऊस माघारी जाण्याचे हे दिवस असतात. सकाळ स्वच्छ असते. पण दुपारनंतर ढग दाटून येऊन विजांसह वळवासारखी सर कोसळणे आश्विनात नवे नाही. उघडा माथा आणि लोखंडी शिड्या ही विजेच्या वेळी सर्वांत धोक्याची स्थाने होत. म्हणून मेघगर्जना कानी पडताच माथा सोडावा, आणि वीज कडाडत असता शिडीला वा कठड्याला बिलगून उभे राहू नये. वर वारा सतत असतो आणि हवाही पायथ्याहून पाच-सहा अंशांनी थंड असते. घामाने भिजलेल्या अंगास ती बाधते. अंगावर घेण्यास एखादे उबदार वस्त्र जवळ असावे.

उपवासाविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. नवरात्रात अनेक घरांतील माता-भगिनी नऊ दिवस उपवास करतात, काही जणी तर निर्जळी करतात. निर्जळी व्रत घरच्या देवघरापुढे शोभते. चढाईच्या दिवशी ते जिवावर बेतू शकते. प्रत्येकाने दोन ते तीन लिटर पाणी घरातून न्यावे. माथ्याच्या अलीकडे एक विहीर आहे, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नये. खजूर, शेंगदाणे, केळी, राजगिऱ्याचे लाडू हे उपवासाला चालणारे आणि चढणीला बळ देणारे पदार्थ होत. हृदयविकार, दमा वा गुडघ्यांचे दुखणे असलेल्या वडीलधाऱ्यांनी हट्ट धरू नये. ज्यांना माथा गाठणे शक्य नाही त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी पायथ्याशीही देवीचे मंदिर उभारले आहे. तेथे टेकलेले मस्तक माथ्यावर पोहोचत नाही, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

कातळ आणि शिड्या

सह्याद्री हा अग्निजन्य खडकाचा पर्वत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले, आणि पुढे ऊन-पावसाने झिजून त्यांचे आजचे रूप घडले. कठीण थर तुटला की उभा कातळटप्पा तयार होतो. मऊ थर झिजला की मोकळी सपाटी मिळते. कळसूबाईच्या वाटेवर हे दोन्ही प्रकार आळीपाळीने भेटतात. सपाटीवर माणूस दम घेतो, आणि कातळटप्प्यावर त्याची परीक्षा होते. त्या उभ्या टप्प्यांवर तीन-चार ठिकाणी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. त्यांच्यामुळेच आज आजीबाईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना माथा गाठणे शक्य होते.

शिडी ही मोठी सोय आहे, पण हजारो माणसांना अखेर एका अरुंद जागेतूनच जावे लागते. तेथे काही साधे नियम पाळले, तर नव्वद टक्के भीती नाहीशी होईल. पिशवी पाठीवर असावी आणि दोन्ही हात मोकळे असावेत. उतरताना तोंड शिडीकडे करून उतरावे. पुढचा माणूस शिडी सोडीपर्यंत मागच्याने लगट करू नये. चढणारे आणि उतरणारे यांनी एकमेकांस पाळीपाळीने वाट द्यावी. शिडीवर थांबून छायाचित्रे काढण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. अनवाणी चढण्याचा नवस असेल, तर तो अवश्य फेडावा. परंतु पहाटे दवाने ओले झालेले लोखंड निसरडे असते आणि दुपारी तेच तव्यासारखे तापते, हे जाणून वेळ निवडावी. देवीपुढचे वहाण काढून ठेवण्याचे स्थान मंदिराचा उंबरठा हे आहे; शिडीची पायरी नव्हे.

वाट कशी मरते

डोंगरातली वाट कोणी एका दिवसात बांधीत नाही. गुराखी, सरपण आणणाऱ्या बाया, देवीला जाणारे भक्त यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ती मळते. चढ सौम्य करण्यासाठी ती वळसे घेत जाते, आणि त्या वळशांमुळेच पावसाचे पाणी तिच्यावरून वेगाने धावत नाही.

घाईचा यात्रेकरू मात्र दोन वळणांमधून सरळ उभा उतरतो. एकाच्या मागे शंभर जण तसेच उतरतात. तेथील गवताची मुळे उखडतात, माती उघडी पडते, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी त्या सरळ घसरणीलाच आपला ओहोळ करते. दोन-चार वर्षांत तेथे कमरेएवढी घळ पडते, घळीतले दगड सुटतात, आणि ज्या वाटेने आजोबा काठी टेकीत गेले त्या वाटेवर नातवाचा पाय मुरगळतो. चिखल टाळण्यासाठी वाटेच्या कडेने चालण्याचा परिणामही हाच होतो. वाट रुंदावत जाते आणि गवत मागे हटत जाते. म्हणून मळलेली वाट सोडू नये, हा नियम केवळ हरवण्याच्या भीतीपोटी नाही. वाट मोडणे म्हणजे मागून येणाऱ्याच्या पायाखालची जमीन काढून घेणे होय.

शिवाय हा डोंगर केवळ माणसांचा नाही. १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा तो भाग आहे. त्या अभयारण्याचा विस्तार सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. बिबट्या, भेकर यांसारख्या प्राण्यांचा येथे अधिवास आहे. हिरडा, बेहडा, जांभूळ यांची झाडी आहे. आणि हिरडा गोळा करून चार पैसे मिळविणारी गावे याच रानाच्या आधाराने जगतात. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यान्वये अभयारण्यात केर टाकण्यास आणि रान धोक्यात येईल असा जाळ करण्यास मनाई आहे. कळसूने इंदोऱ्यात घातलेली अट आणि संसदेने केलेला हा कायदा यांचे या एका बाबतीत एकमत व्हावे, हा योगायोग मोठा मनोरम आहे. एक मानवी लाजेला आवाहन करते, दुसरा दंडाचे भय घालतो. भाविकास पहिलीच पुरेशी व्हावी.

आणि पाण्याचा विचार केला तर हा प्रश्न डोंगरापुरताही उरत नाही. या रांगेवर पडणारे पाणी दारणा, प्रवरा अशा नद्यांवाटे अखेर गोदावरीस मिळते. माथ्यावर टाकलेले प्लॅस्टिक पावसाबरोबर ओढ्यात उतरते, आणि जिच्या पाण्याने आपण कलश भरतो त्या गोदामाईच्या प्रवाहाकडे ते निघते.

मांढरदेवीचा धडा

गर्दी आणि डोंगर यांची गाठ पडते तेथे नियोजन नसेल तर काय होते, हे महाराष्ट्राने एकदा अत्यंत दारुण रीतीने पाहिले आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेच्या दिवशी, सातारा जिल्ह्यातील वाईजवळच्या मांढरदेवी डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद मार्ग, त्याच्या दुतर्फा दुकानांची दाटी आणि त्या दुकानांत भडकलेली आग. यांतील एकेक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. त्या एकत्र आल्या तेव्हा शेकडो घरांचे दिवे मालवले.

त्या दुर्दैवी जिवांचे स्मरण ठेवून प्रत्येक डोंगरी यात्रेच्या गावाने, वनखात्याने आणि प्रशासनाने काही गोष्टी आधीच ठरवावयास हव्यात. नारळ फोडण्याची जागा पायऱ्यांपासून आणि शिड्यांपासून दूर असावी. दुकाने वाटेला चिकटून न मांडता सपाटीवर हटवून मांडावीत. गर्दीच्या दिवशी प्रत्येक शिडीच्या खाली आणि वर एकेक स्वयंसेवक उभा करून माणसे मोजून सोडावीत. वाटेवर आडवे चर काढून पाण्याला बाजूस वळण देण्याचे काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. ही कामे कोट्यवधी रुपयांची नाहीत. आणि यात्रेकरूनेही, रांग थांबली असता मागून रेटा देणे हे पाप आहे, असे मनाशी ठरवून टाकावे. वाटेत कोणास अपघात झालाच, तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा आहे. मात्र डोंगरात दूरध्वनीचा संपर्क सर्वत्र लागत नाही, म्हणून जथ्यातील कोणीही एकटा मागे राहणार नाही, हीच खरी सुरक्षितता. वाटेचा अनुभव नसेल तर गावातला वाटाड्या सोबत घ्यावा. त्याला दिलेले मानधन हे देवीच्या माहेरास दिलेले दान समजावे.

ओटी कशी भरावी

शेवटी पूजेविषयी. देवीची ओटी भरणे हा आपल्या स्त्रियांचा जिव्हाळ्याचा संस्कार आहे, आणि तो सोडावा असे कोणीही म्हणणार नाही. मात्र खण कागदात वा कापडी पिशवीत न्यावा. प्लॅस्टिकचे आवरण घरीच काढून ठेवावे. हळद-कुंकू चिमूटभर पुरते, पुडा उधळावा लागत नाही. कापूर आणि निरांजन वाऱ्याच्या माथ्यावर गवताजवळ लावू नये. मंदिराच्या आडोशाला लावावे आणि शांत झाल्याखेरीज तेथून हलू नये. नारळ फोडलाच तर त्याची शेंडी, करवंटी आणि वाहून झालेली सुकी फुले आपल्याच पिशवीत परत आणावीत. घरी निर्माल्य आपण तुळशीच्या वा झाडाच्या मुळाशी ठेवतो; तोच मान येथल्या निर्माल्यालाही द्यावा.

एखाद्या कुटुंबाने असेही करून पाहावे : ओटीच्या साहित्यात एक रिकामी पिशवी ठेवावी. जाताना ती घडी करून न्यावी आणि येताना वाटेत सापडेल तेवढा केर तिच्यात भरून खाली आणावा. मुलांच्या हाती ती पिशवी द्यावी आणि कळसूची गोष्ट त्यांना चढताना सांगावी. आईने सांगितलेली कथा आणि हाताने केलेले काम एकत्र आले, की संस्कार वेगळा शिकवावा लागत नाही.

माथ्यावर पोहोचल्यावर पश्चिमेस अलंग, मदन आणि कुलंग हे दुर्गत्रिकूट दिसते, दक्षिणेस भंडारदऱ्याचा विस्तीर्ण जलाशय चकाकतो, आणि निरभ्र दिवशी दूरवरच्या गिरिशिखरांची रांगच रांग नजरेत भरते. सोनकीची पिवळी फुले वाऱ्यावर डोलत असतात. त्या लहानशा मंदिरात मस्तक टेकल्यावर क्षणभर बाहेर उभे राहावे आणि मनात म्हणावे, ‘आई, तुझ्या अंगणात आम्ही काही सांडून जात नाही.’ घरातल्यांनी शब्द मोडला म्हणून जी इतक्या उंचावर येऊन बसली, तिला याहून मोठा नैवेद्य कोणता असणार?

नवव्या दिवशी घट उठतील, दसऱ्याला सोने लुटले जाईल, यात्रा ओसरेल. डोंगर मात्र तेथेच राहील, आणि पुढच्या आश्विनात कोणाची तरी लेक, कोणाची तरी आजी त्याच वाटेने वर निघेल. त्यांना ती वाट धड आणि ते अंगण स्वच्छ मिळावे, एवढीच कळसूबाईच्या चरणी प्रार्थना.